न्हावा-शेव्याच्या मालगाड्या नेमक्या कुठून टिपाव्यात?

तिसरी_घंटा
पाऊस ओसरला की पनवेल-उरण पट्ट्यात कंटेनर गाड्यांचे फोटो काढायचा विचार आहे. बंदराच्या जितकं जवळ जाऊ तितकं बरं, की लांबूनच काम होतं? जासईचं यार्ड, करळ फाट्याचा उड्डाणपूल, द्रोणागिरी अशी नावं कानावर येतात, पण तिथे उभं राहू देतात का हे कोणी नीट सांगत नाही. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, लेन्स १८-५५ आणि ५५-२५०. एनटीईएसवर (गाडी कुठे आहे ते दाखवणारं रेल्वेचं अ‍ॅप) मालगाडी दिसत नाही, मग वेळ कशी कळते? इंजिनं आणि वॅगन ओळखायच्या खुणाही लिहा. जाणकारांनी हात सैल सोडून लिहावं.

बफर_आणि_हूक
जवळ जाऊ नका. कायद्याचं नंतर बोलू, आधी फोटोचंच बोलतो.

बंदरातल्या ज्या लाइनीवर क्रेन कंटेनर उचलते तिच्यावर ओव्हरहेड तार टाकताच येत नाही, कारण वरूनच तर उचलायचं असतं. म्हणून इलेक्ट्रिक इंजिन अलीकडे सुटतं आणि पुढची ने-आण डिझेल करतं, बहुतेक वेळा मागून ढकलत. म्हणजे तुम्हाला दिसणार बिनचेहऱ्याचा रेक, पुढे इंजिन नसलेली वॅगनची माळ. शेजारच्या लाइनीत दुसरा रेक उभा, मध्ये मास्ट (तारेचे खांब), पलीकडे ट्रेलरची रांग. अशा गर्दीत चांगली चौकट सापडणं मुश्कील.

उलट जेएनपीटीतून, म्हणजे न्हावा-शेव्याच्याच बंदरातून, निघालेली गाडी जासईवरून पनवेलला येणार हे ठरलेलं. तिथून गुजरात-दिल्लीकडची गाडी नावडे रोड, तळोजे, निळजे करत कोपरच्या वरच्या फलाटावरून भिवंडी रोड, जुचंद्र आणि वसईला जाते. दिव्याकडची लाइन वसई रोडला विरारच्या दिशेनेच तोंड करून मिळते, त्यामुळे इंजिन फिरवावं लागत नाही. सगळा ओघ या नळीतून जातो. नळीच्या तोंडाशी उभं राहा, धरणाच्या भिंतीवर कशाला चढता?

जासईकर
बफरशेठ, अर्धं पटलं. कोपरला टिपलेली बीएलसी (कंटेनरची वॅगन) गुजरातच्या मुंद्रा बंदराची की न्हावा-शेव्याची हे फोटो बघून कोण सांगणार? मागे क्रेनची रांग, खाडी आणि खारफुटी असेल तर तो बंदराचा फोटो. आणि त्यासाठी यार्डात शिरावं लागत नाही. नेरूळ किंवा बेलापूरहून उरण लोकल धरा. जानेवारी २०२४ पासून ती थेट उरणपर्यंत जाते. जासईच्या आसपास खिडकीतूनच मालगाडीची लाइन दिसते. फलाटावरून, तिकीट खिशात ठेवून, जे मिळेल ते घ्यावं.

करळचा उड्डाणपूल मात्र विसरा. ट्रेलर एकामागून एक असतात, कडेला उभं राहायला जागा नाही आणि पुलावर गाडी थांबवणं गुन्हाच आहे. चिर्ल्याला उतरणाऱ्या अटल सेतूवरही तेच.

भाड्याची_सायकल
बसलो शेंगदाणे घेऊन. चालू द्या.

आरपीएफ_नको_रे_बाबा
कायद्याचं एकदाच लिहून टाकतो, म्हणजे दर पानावर विचारायला नको.

रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मी रुळाच्या बाजूला होतो, रुळावर नव्हतो" हा बचाव चालत नाही, हद्द ती हद्द. बंदराच्या फाटकाच्या आत सीमाशुल्काचा भाग आणि सीआयएसएफचा पहारा. उरणच्या अंगाला ओएनजीसी आहे आणि करंज्याला नौदलाचं शस्त्रागार. तिकडे लांब लेन्स बाहेर काढणं म्हणजे दुपार चौकीत घालवायची तयारी.

फलाटावर तिकीट घेऊन उभं राहणं वेगळं. व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची रीतसर परवानगी लागते. हौशी माणसाने आधी स्टेशन मास्तरांना भेटून सांगावं, ट्रायपॉड आणि फ्लॅश आणू नये. कोणी अडवलं तर हुज्जत न घालता कॅमेरा बॅगेत टाकावा. फ्लॅश थेट लोको पायलटच्या डोळ्यात जातो, त्यामुळे त्यावर चर्चा नको.

ड्रोनाचार्य
आणि ड्रोन? वरून ४५ वॅगनचा रेक वळणावर काय दिसेल!

आरपीएफ_नको_रे_बाबा
@ड्रोनाचार्य, नाव छान आहे, अंगठा सांभाळा. उलव्याला नवी मुंबईचा विमानतळ सुरू आहे. चालू विमानतळाच्या ८ ते १२ किमी पट्ट्यात विनापरवानगी उड्डाण फार तर २०० फुटांपर्यंत, त्याहून जवळ परवानगीशिवाय काहीच नाही. वर बंदर, नौदल आणि २५ केव्हीची (२५ हजार व्होल्टची) तार. डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी साइटचा नकाशा उघडून बघा, उत्तर मिळेल.

कोपर_वरचा_मजला
कोपरबद्दल नीट लिहितो. खाली मध्य रेल्वेची मुख्य लाइन, वर दिवा-वसईची. वरच्या फलाटावर प्रवासी गाड्या मोजक्या, त्यामुळे गर्दी नसते आणि मालगाडी समोरून जाते. पुढे लगेच उल्हास नदीचा पूल.

वेळेचं गणित असं. ४५ वॅगनचा कंटेनर रेक इंजिन आणि ब्रेक व्हॅनसकट ६८६ मीटरच्या लूप लाइनीत (गाडी बाजूला घेऊन थांबवायची लाइन) मावेल असा बेततात. ताशी ४० ने आला तर पूर्ण जायला मिनिटभर, ६० ने आला तर चाळीसेक सेकंद. इंजिनाचा फोटो घेऊन स्क्रीन बघत बसलात तर वॅगन गेल्याच समजा. आधी ठरवा, इंजिन हवं की कंटेनर. दोन्ही हवं असेल तर समोरून तिरक्या कोनात तीन-चार फ्रेम, मग १८-५५ वर आडवं वळून डबे.

शटरचं: समोरून तिरका घेताना १/५०० पुरतं. अगदी आडव्या कोनात ६० च्या गाडीला १/१००० लागतं. पॅनिंग (गाडीबरोबर कॅमेरा फिरवणं) करायचं तर १/३० ते १/६०, पण ओव्हरहेडचे मास्ट मध्ये येतात. मास्ट-मास्टमधलं अंतर बघून इंजिनाचं नाक मास्टच्या पुढे निघाल्यावरच सोडा. छिद्र एफ/८ च्या आसपास ठेवा, नाहीतर इंजिन धारदार आणि मागचा रेक धुरकट.

काचेवर_बुरशी
यात दोन गोष्टींची भर.

पहिली, उष्ण हवेची थरथर. २५० एमएमवर सकाळी नऊ-दहानंतर खडीवरची हवा हलायला लागते आणि लांबची गाडी पाण्यात बुडाल्यासारखी येते. लोक लेन्सला शिव्या घालतात, लेन्स बिचारी बरी असते. उपाय एकच, अंतर कमी करा किंवा लवकर जा.

दुसरी, सूर्य. मुंबईत साधारण मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य भर दुपारी डोक्यावर असतो, आणि त्यामधल्या काळात दुपारी तो किंचित उत्तरेला असतो. तेव्हा लाइनीच्या उत्तरेला उभं राहायचं. डिसेंबरात तो दुपारीसुद्धा ४७-४८ अंशांवरच असतो, दक्षिणेला, म्हणून दिवसभर बाजू उजळते. कंटेनरच्या गाडीला हिवाळा सगळ्यात चांगला, कारण सपाट पत्र्याला तिरका उजेड हवा.

रंगांचं: वन (ONE) या जहाज कंपनीचा गडद गुलाबी कंटेनर लाल चॅनल जाळतो. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि घरी बघितलं की गुलाबी सपाट. चॅनलवार हिस्टोग्राम लावा, गरज पडली तर अर्धा स्टॉप खाली.

खाडीची हवा दमट आणि खारट. घरी आल्यावर आधी कोरड्या फडक्याने बॉडी पुसा आणि लेन्स सिलिका जेलच्या डब्यात ४०-५० टक्के आर्द्रतेला ठेवा. बुरशी एकदा आतल्या काचेला लागली की खर्च लेन्सच्या किमतीच्या आसपास जातो.

जाळीदार
एक प्रश्न. पादचारी पुलांवर २५ केव्हीमुळे जाळ्या आणि पत्रे लावलेत. त्यातून कसं काढायचं?

कोपर_वरचा_मजला
@जाळीदार, हूड काढा, लेन्स जाळीला टेकेपर्यंत जवळ न्या, छिद्र पूर्ण उघडं, फोकल लांबी शंभरच्या पुढे. जाळी विरघळून जाते. फक्त वर लिहिलेलं एफ/८ इथे लावू नका, जाळी पुन्हा उमटेल. फोनची लेन्स बारीक असल्याने बऱ्याचदा थेट भोकात बसते. जाळीतून सेल्फी स्टिक, छत्री, काहीही बाहेर काढायचं नाही. २५ केव्हीला शिवावं लागत नाही, जवळ गेलं तरी पुरतं.

अल्को_प्रेमी
आता इंजिनांकडे वळू या. सध्या इकडे सगळ्यात जास्त वॅग-९ हे मालगाडीचं विजेचं इंजिन, ६,१२० अश्वशक्ती, थ्री-फेज मोटर. सुटताना सूर लागतो. जुन्या जीटीओवाल्यांत (जीटीओ आणि आयजीबीटी हे मोटरची वीज सांभाळणाऱ्या स्विचचे प्रकार) तो पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो, आयजीबीटीवाल्यांत गुळगुळीत. वॅग-७ ही ५,००० ची, डीसी मोटरची, तिच्यात सूर नाही, ब्लोअरचा आवाज. दिसायला सोपी खूण म्हणजे वॅग-९ चं नाक सपाट-तिरकं आणि हिरव्या अंगावर फिकट पट्टा. वॅग-१२ मधेपुऱ्याची, दोन खोक्यांची जोडी, १२,००० अश्वशक्ती, चुकणार नाही. बाजूला शेडचं नाव रंगवलेलं असतं: कल्याण, अजनी, भुसावळ, वडोदरा. फोटोत ते वाचता येईल असा एक तरी फ्रेम ठेवा.

डिझेलात डब्ल्यूडीजी-४ म्हणजे ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या रचनेचं टू-स्ट्रोक, ४,००० अश्वशक्ती. आणि ज्यांच्यासाठी मी हे नाव घेतलंय ते अल्को (त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीच्या रचनेचं जुनं डिझेल) आता दुर्मीळ. डब्ल्यूडीजी-३ए कुठे धडधडताना ऐकू आलं तर कॅमेरा नंतर, आधी ऐका.

बफर_आणि_हूक
अल्कोवर स्वतंत्र धागा काढा राव, इथे वाहून जाल.

वॅगन बघा. कंटेनरची मुख्य वॅगन बीएलसी. पाच-पाचचा संच असतो: दोन टोकांना ए, मध्ये तीन बी. ए च्या बाहेरच्या टोकालाच कपलर, आत पक्के दांडे. म्हणून धक्क्याचा आवाज पाच वॅगनमागे एकदा येतो. असे नऊ संच म्हणजे ४५ वॅगन, प्रत्येकीवर दोन वीस-फुटी किंवा एक चाळीस-फुटी, एकूण ९० टीईयू (एक वीस-फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू). रिकामा रेक असेल तर कोपऱ्यातले ट्विस्ट लॉक (कंटेनर पकडणारे खटके) दिसतात, तोही फोटो वाईट नसतो.

बाकी इथे बीटीपीजीएलएन दिसते, म्हणजे एलपीजीची टाकी, उरणच्या भरणा केंद्रामुळे.

आकडेमोड
वॅगनवरचा ११ अंकी नंबर कोणी उलगडला नाही अजून. पहिले दोन प्रकार, पुढचे दोन मालक (०१ मध्य, ०८ पश्चिम, २५ कॉनकॉर, म्हणजे सरकारी कंटेनर कंपनी), पुढचे दोन उत्पादनाचं वर्ष, मग चार अंकी स्वतःचा क्रमांक आणि शेवटी तपासणीचा अंक. प्रकारात ५५ ते ६९ हा सपाट वॅगनचा गट, ४० ते ५४ टाक्या, १० ते २९ उघड्या.

तपासणी अंकाची रीत: दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या जागेच्या अंकांची बेरीज करून तिप्पट करा. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्याची बेरीज त्यात मिळवा. पुढच्या दहाच्या पटीला जितकं कमी पडतं तो अकरावा अंक.

पुसट_अक्षर
याचा फोटोवाल्याला काय उपयोग?

आकडेमोड
आहे ना, तुमच्या नावातच आहे. समजा फोटोत ६१२५०८_१७४३ असं दिसतंय, सातवा अंक चिखलाने झाकलेला. (नंबर मनचा आहे, शोधत बसू नका.) सम जागा: १+५+८+१+४ = १९, तिप्पट ५७. विषम जागा: ६+२+०+७ = १५ अधिक तो झाकलेला अंक. ५७ आणि १५ म्हणजे ७२, त्यात शेवटचे ३ मिळवले की ७५. दहाच्या पटीला ५ हवेत, म्हणजे झाकलेला अंक ५. कॉनकॉरची, २००८ ची सपाट वॅगन.

कंटेनरलाही असंच असतं, चार अक्षरं, सहा अंक आणि चौकटीतला सातवा. तिथली रीत वेगळी आणि किचकट. पण त्याखालचा कोड वाचायला सोपा: २२जी१ म्हणजे साधा वीस-फुटी, ४२जी१ साधा चाळीस-फुटी, ४५जी१ साडेनऊ फूट उंचीचा चाळीस-फुटी, आणि जी च्या जागी आर आलं की थंड पेटी.

पुसट_अक्षर
मान गए. शब्द मागे.

नवखा_पनवेलकर
मूळ प्रश्नाला धरून एक शंका. मुंद्रा-पिपावावचे दुमजली कंटेनर गाड्यांचे फोटो दिसतात. पनवेल-कोपरला का नाही दिसत?

कोपर_वरचा_मजला
उंची मोजा. बीएलसीचा पृष्ठभाग रुळापासून १,००९ मिमी. साडेनऊ फुटी कंटेनर २,८९६ मिमी. एक ठेवला तर ३.९ मीटर, कुठूनही जातो. दोन ठेवले तर ६.८ मीटर. नेहमीची तार साडेपाच मीटरच्या आसपास. म्हणजे वरचा कंटेनर तारेच्या वर जाईल. पश्चिम डीएफसीवर (मालगाड्यांसाठीच्या वेगळ्या मार्गावर) तार साडेसात मीटरच्या आसपास आहे, म्हणून तिथे विजेवर दुमजली चालते. जानेवारी २०२१ मध्ये अटेली-किशनगढ भागात दीड किमी लांबीची पहिली दुमजली गाडी विजेवर धावली. पिपावावकडे त्याआधीच डिझेलवर दुमजली धावत, तिथे तारेचा प्रश्नच नव्हता. त्या १,५०६ किमीच्या मार्गाचं जेएनपीटीकडचं टोक सगळ्यात मागे राहिलेलं. जुन्या मार्गावर तरी दुमजली शोधू नका.

गोंयकार_गार्ड
बंदराच्या मालगाड्या म्हणता आणि मुरगाव विसरता? कंटेनर ठीक आहेत, पण कोळशाचा रेक कुळेहून कॅसलरॉकला चढतो तो बघा. १ ला ३७ चा चढ, २६ किमी. पुढे इंजिनं, मागे बँकर (ढकलणारी जादा इंजिनं), आणि वर्षानुवर्षं हुबळी शेडच्या डब्ल्यूडीजी-४ नी तो घाट गाजवलाय. न्हावा-शेव्याला असला चढ आणायचा कुठून?

जासईकर
चढ हवा तर आमच्याकडे कसारा आणि कर्जत आहे, दोन्हीकडे १ ला ३७ आणि दोन्हीकडे बँकर. गोंयकारदादा, दूधसागरला रुळावरून चालायला बंदी आहे आणि २०२३ च्या पावसाळ्यात तिथे पोहोचलेल्यांना उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय.

गोंयकार_गार्ड
म्हणून तर कुळे स्टेशनच्या फलाटावरून म्हणतो. बँकर तिथेच लागतात, गाडी थांबते, सावकाश टिपा. उठाबशा नकोत.

बफर_आणि_हूक
अवांतर पुरे. वेळेबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही.

मालगाडीला सार्वजनिक वेळापत्रक नसतं. एफओआयएस ही माल पाठवणाऱ्यांसाठीची प्रणाली, आपल्यासाठी नाही. मग अंदाज. निर्यातीचा माल जहाजाच्या मुदतीआधी पोहोचायला हवा, म्हणून बंदराकडे जाणारे रेक त्याआधी दाटतात. जहाज रिकामं झाल्यावर आयातीचे सुटतात. पण जहाजाचं अ‍ॅप बघून "आज अमुक टर्मिनलला मोठं जहाज, म्हणजे संध्याकाळी त्याची गाडी" असं होत नाही, कारण एकाच रेकमध्ये वेगवेगळ्या टर्मिनलचे कंटेनर असतात आणि त्यांची जुळवाजुळव आत होते.

स्टेशनवर खुणा बघा. मेन लाइनचा स्टार्टर सिग्नल सुटलाय आणि इंडिकेटरवर कुठलीच गाडी नाही, तर मालगाडी किंवा सुटं इंजिन. पॉइंट्समन हिरवा झेंडा घेऊन फलाटाच्या विरुद्ध अंगाला उभा राहिला तर जवळ आली. रविवारी ब्लॉक असेल तर आधी सगळ्यात पहिल्यांदा मालगाडीच अडते आणि ब्लॉक सुटला की एकामागे एक येतात. कॉशन (सावकाश जाण्याचा हुकूम) असला तर आणखी बरं, वेग कमी.

जासईकर
हे शेवटचं सोन्यासारखं आहे. फक्त एवढंच म्हणेन, पहिल्यांदा पनवेलला जा. जासई, दिवा, रोहा, कर्जत अशा चारही अंगांनी गाड्या येतात. एक मालगाडी चुकली तर दुसरी दिशा आहेच. कोपरला एका दिशेचीच वाट बघायची.

कोपर_वरचा_मजला
पनवेलला फलाटावर उभ्या गाड्या आडव्या येतात, हे सांगायला विसरलात.

जासईकर
त्या हलतात हो कधीतरी. तुमच्या कोपरला खांब हलत नाहीत.

तिसरी_घंटा
एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं: डिसेंबरातला एक रविवार, सकाळी सातला पनवेल, नऊपर्यंत तिथे. मग कोपरचा वरचा फलाट दुपारपर्यंत. संध्याकाळी जमलं तर उरण लोकलच्या खिडकीतून. ड्रोन नाही, यार्ड नाही. पनवेलला आणि कोपरला फलाट तिकीट काढतो.

आरपीएफ_नको_रे_बाबा
फलाट तिकीट दहा रुपयांचं पण दोनच तासांचं. कोपरला चार तास बसलात तर दंड होईल. दोन तासांनी खाली जाऊन दुसरं काढा. आणि पाण्याची बाटली न्या, वर सावली कमी आहे.

भाड्याची_सायकल
शेंगदाणे पण.